सतरंजीवरचा पापांगीकार

प्रार्थनेला क्रम असतो, हे आम्हांला मुळाक्षरांच्या आधी कळलं. आधी स्तुती, मग पापांगीकार, मग उपकारस्तुती, आणि मागणं सगळ्यांत शेवटी. स्तुती झाल्या झाल्या कुणी 'परीक्षेत पास कर' म्हणून मागायला लागलं, की आजी मिटल्या डोळ्यांनीच खाकरायची आणि ते मूल मुकाट्याने आपल्या पापांकडे वळायचं. नगरच्या मिशन कंपाउंडांत, वडाळा-राहुरीकडच्या मास्तरांच्या घरांत, इस्पितळांच्या क्वार्टर्समध्ये साधारण १९५५ ते १९७५ या काळात जी ख्रिस्ती मुलं वाढली, त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. घरं निराळी होती, सतरंजी सगळीकडे एकच होती.

दिवेलागणीला ती सतरंजी पडायची. 'उपासना संगीता'तलं एक पद व्हायचं, पुष्कळदा नारायण वामन टिळकांचं. मग बायबलातला एक अध्याय, एकेकाने एकेक वचन वाचायचं. ज्याला अजून वाचता येत नसे त्याच्या कानात मोठं भावंड पुटपुटायचं. मग गुडघे टेकायचे आणि थोरापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची. पाठ म्हणायची ती एवढीच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं. ही काँग्रिगेशनल परंपरेतली माणसं. प्रार्थना पुस्तकातून वाचू नये, मनातून यावी, असा त्यांचा आग्रह. आमच्या पणज्या-आज्यांनी तो इतका आपलासा केला होता, की वहीत लिहून आणलेली प्रार्थना कुणा पाहुण्याने वाचली तर मागून स्वयंपाकघरात त्यावर बोलणं व्हायचं.

आमची मुलांची पापं ठरलेली असत. खोटं बोललो. भावाला चिमटा काढला. डब्यातला गूळ खाल्ला. शब्बाथ शाळेत वचन पाठ नसताना आहे म्हणून सांगितलं. काही दिवसांनी हीच यादी एका दमात म्हणायची सवय लागली, तेव्हा वडिलांनी एका रात्री सगळ्यांच्या प्रार्थना झाल्यावर विचारलं, "खोटं बोललास म्हणजे काय बोललास? कुणाशी?" धाकट्याला सांगता येईना. मग ते म्हणाले, "मोघम बोलू नकोस. देवाला सगळं माहीत आहे. सांगायचं ते आपल्याला कळावं म्हणून." माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत हा नियम कुठल्या ना कुठल्या रूपात होता. पाप नावानिशी सांगायचं. दाविदाच्या एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आधार आम्हांला द्यायचे. त्यात राजा आपल्या अपराधाला फाटे फोडत नाही, ज्या उरीयाच्या बायकोच्या मोहापायी त्याने उरीयाला रणांगणात मारवलं, तिचं निमित्त सांगत नाही, रणांगणाचं कारण पुढे करत नाही. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर त्याने जी कबुली दिली, तिच्याशी ते स्तोत्र जोडलेलं आहे, हे आम्हांला गोष्टीसारखं माहीत होतं. स्तोत्रातले अवघड शब्द कळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली.

पण खरी गोष्ट मुलांच्या पापांची नाही. आज आमच्या वयाची माणसं एकत्र बसली की आठवतात ती मोठ्यांची पापं. वडील शाळामास्तर होते. एका संध्याकाळी त्यांनी प्रार्थनेत सांगितलं, की आज वर्गात एका मुलाला मी रागाच्या भरात मारलं, चूक त्याची नव्हती, माझं डोकं घरून निघतानाच तापलेलं होतं. आम्ही डोळे मिटून ऐकत होतो. ज्या माणसापुढे आमचा शब्द निघत नसे, तो माणूस आमच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणत होता की माझं चुकलं. घरून निघताना डोकं का तापलं होतं हे आम्हांला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. त्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते त्या मुलाच्या घरी गेले. जक्कयाने ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं, ही गोष्ट आम्ही चित्रं काढून शिकलो होतो. तिचा अर्थ त्या दिवशी समजला. देवाला सांगून झालं तरी ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाणं बाकी उरतं.

अशा आठवणी अनेक घरांत आहेत. एका मैत्रिणीची आई कंपाउंडाच्या दवाखान्यात कंपाउंडर होती. तिने उरलेल्या मलमाची डबी घरी आणली होती आणि ती प्रार्थनेत सांगून परत नेऊन ठेवली. एका चुलत्यांनी सांगितलं, की गावाकडच्या जमिनीत बहिणीचा वाटा होता आणि तिला अडाणी समजून मी कागदावर तिचा अंगठा घेतला. ते जानेवारीतल्या प्रार्थना सप्ताहात सांगितलं होतं, शेजारची चार घरं बसलेली असताना. बहिणीला वाटा मिळाला. सगळ्या बहिणींना मिळाला असं नाही, पण तिला मिळाला. 'स्मृतिचित्रे' आमच्या घरांत फिरून फिरून वाचलं जायचं, त्याचं एक कारण मला हेही वाटतं. त्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याचा, नारायण वामन टिळकांचा, संताप झाकून ठेवला नाही आणि संताप ओसरल्यावरची त्यांची तळमळही झाकली नाही. मोठा माणूस चुकतो आणि घरातल्या माणसांपुढे ते कबूल करतो, हे आम्ही त्या पुस्तकात वाचत होतो आणि सतरंजीवर बघत होतो.

या प्रार्थना सप्ताहाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्या मुलांना तो आता फारसा माहीत नाही. नव्या वर्षाचा पहिला आठवडा जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रार्थनेचा मानतात. या प्रथेचं मूळ लुधियान्यात आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८ साली जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केलं आणि १८६० च्या जानेवारीत पहिला सप्ताह पाळला गेला. पुढे इव्हँजेलिकल अलायन्सने तो उचलून धरला. आमच्याकडे रोज एका घरी बैठक असे. त्या दिवसांत नगरची थंडी कडक. बायका शाली पांघरून यायच्या, प्रार्थना झाली की चहा असायचा. आठवड्यातला एक दिवस पश्चात्तापाचा आणि पापांगीकाराचा. त्या दिवशी मोठी माणसं लवकर यायची आणि चहाला फारसं थांबायची नाहीत.

महिन्याच्या प्रभुभोजनाआधीचा शनिवारही असाच. पूर्वतयारीची सभा व्हायची. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलं आहे, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं मन तुझ्याविषयी दुखावलेलं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. आमच्या आयांनी हे शब्दशः घेतलं होतं. आठवडाभर नळावर जिच्याशी भांडण झालं तिच्याकडे शनिवारी संध्याकाळी जायचं. रिकाम्या हाताने जाणं जड वाटे म्हणून वाटीभर काहीतरी झाकून न्यायचं. दारात उभं राहून दोन वाक्यं बोलायची. कधी समोरची आत बोलवायची, कधी वाटी घेऊन दार लोटायची. रविवारी भाकरीचं ताट रांगेतून फिरताना एखादीने ते तसंच पुढे दिलं, की अख्ख्या मंडळीला कळायचं की समेट झालेला नाही. हे फार कठोर होतं असं आज वाटतं. मंडळीतल्या नजरांचा जाच होता, आणि त्या जाचापायी खोटे समेटही झाले असतील. तरीही नळावरची कितीतरी भांडणं त्या शनिवारांनी मिटवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्यापैकी बऱ्याच घरांत एखादी आजी किंवा पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमधून आलेली होती. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो पोरक्या मुली आणल्या, वाढवल्या, शिकवल्या. त्यांतल्या काही पुढे नगरकडच्या मास्तरांना, पाळकांना, सुतारांना दिल्या. माझी आजी गुजरातेतून आलेली. तिला आपलं मूळचं गाव सांगता येत नसे. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत जे आत्मिक जागृतीचं वारं सुटलं, तेव्हा ती लहान मुलगी होती. मुली मोठमोठ्याने रडत, एकाच वेळी सगळ्या प्रार्थना करत, केलेली चोरी, केलेला द्वेष नाव घेऊन सांगत, हे तिने पाहिलं होतं. ते ती फार कमी सांगायची. एवढंच म्हणायची की त्या दिवसांत कितीतरी चोरलेल्या वस्तू परत आल्या: सुई, दोरा, कंगवा. पोरक्या मुलींकडे चोरण्यासारखं आणखी काय असणार!

त्याच आजीने १९७२ च्या दुष्काळात एका बैठकीत सगळ्यांना गप्प केलं. ते वर्ष आमच्या पिढीला विसरता येणार नाही. विहिरी आटलेल्या, गावाकडची नातेवाईक मंडळी कामावर खडी फोडायला जात होती, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, शाळेतून सुकडी. एक पाहुणे उपदेशक आले होते. पाऊस आमच्या पापांमुळे अडला आहे, तेव्हा प्रत्येकाने आज आपलं पाप सांगावं, असं त्यांनी म्हटलं. लोक सांगायलाही लागले. आजीची पाळी आली तेव्हा ती गुडघ्यांवर बसली नाही. ती म्हणाली, "माझी दोन भावंडं दुष्काळात मेली. एक अंगावर पिणारं होतं. त्यांचं पाप कोणतं ते मला आधी सांगा." मग तिने शिलोहाच्या बुरुजाची आठवण करून दिली. बुरूज कोसळून अठरा माणसं मेली तेव्हा येशूने लोकांना विचारलं होतं, की ती माणसं यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती असं तुम्हांला वाटतं काय? त्याचं उत्तर नाही असं होतं. आजी लिहायला-वाचायला मुक्तीत शिकली, लूकचं शुभवर्तमान तिला पाठ होतं. उपदेशकांनी लगेच पद सुरू केलं.

आजीचा पापांगीकार कधी चुकला नाही. मरेपर्यंत रोज रात्री ती आपल्या जिभेबद्दल, आपल्या हट्टाबद्दल देवाशी बोलायची. पण जे आपलं नाही ते पाप तिने पदरात घेतलं नाही. तिच्या सुनांना आणि नातींना हे जमलं नाही, आणि तिथे आमच्या या गोड आठवणींना एक गाठ बसते.

आया-आत्यांची कबुली मी आता मनात पुन्हा ऐकते. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला उलटून बोलले, प्रभू क्षमा कर. सासूबाईंच्या बोलण्याने रडू आलं, माझं मन कठीण झालं, क्षमा कर. मुलगी झाली म्हणून खट्टू झाले. नोकरी करावीशी वाटली, समाधान मानलं नाही. या बायका रात्रीच्या रात्री हे सांगत होत्या आणि शेजारी बसलेला पुरुष, ज्याने दारू पिऊन ताट फेकलं होतं, तो 'आम्ही सर्व पापी आहोत' एवढं म्हणून मागण्यांकडे वळत होता. माझ्या वडिलांसारखे पुरुष होते. पण सगळे नव्हते. मोघम बोलू नकोस हा नियम मुलांना होता, बायकांना होता. काही घरांतल्या पुरुषांना तो कुणी लावलाच नाही.

आणि एक पाप कुठल्याच सतरंजीवर आलं नाही. पूर्वाश्रमीच्या महार, मांग, ब्राह्मण, मराठा घराण्यांतली माणसं एका ताटातली भाकर घेत होती, एका पदात सूर मिळवत होती, आणि मुलीचं लग्न ठरवताना आडवळणाने विचारत होती, "मूळचे कुठले?" तो प्रश्न आम्ही लहानपणी ऐकला, मोठेपणी आमच्याबद्दलही ऐकला. त्याबद्दल कुणी देवापुढे क्षमा मागितल्याचं मला आठवत नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातीपायी त्यांचं घर फुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं मुलाला घेऊन दूर राहिल्या. हे सगळं वाचून माहीत असलेल्या घरांत हा प्रश्न विचारला जात होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

नर्सिंगला मुंबईला गेल्यावर माझ्या खोलीत वसईच्या कॅथलिक मुली होत्या. शनिवारी संध्याकाळी ड्यूटी संपली की त्या डोक्याला ओढणी बांधून कन्फेशनला जायच्या. जाळीआडच्या फादरना सांगायचं, ते प्रार्थना सांगतात, प्रायश्चित्त देतात, उठून यायचं. वर्षातून निदान एकदा तरी हे करायचं, हा नियम त्यांच्याकडे १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा. आमच्याकडच्या लोकांना ते पटत नसे. देव आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा कशाला, असं आम्हांला शिकवलेलं. पण एका रात्री त्यांच्यातली एक म्हणाली, "फादर कुणाला सांगू शकत नाहीत. जीव गेला तरी नाही." तेव्हा मला आमच्या सतरंजीची दुसरी बाजू दिसली. आमचं पाप घरातल्या सगळ्यांना ऐकू जायचं आणि सप्ताहात सांगितलं तर सकाळी नळापर्यंत पोचायचं. म्हणून आमच्यातल्या तरुण मुलींनी काही गोष्टी कधीच कुणाला सांगितल्या नाहीत. त्यांना जाळीची गरज होती. मी हे घरी बोलून दाखवलं तेव्हा वडिलांना आवडलं नाही, पण आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "खरं आहे."

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. हळूहळू नगरच्या उपासनेतही अँग्लिकनांकडची छापील कबुली आली, सगळ्यांनी एका आवाजात म्हणायची. तिचा वंश थेट १५५२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकापर्यंत जातो. क्रॅनमरने त्यात सकाळ-संध्याकाळच्या उपासनेच्या आरंभीच सर्वांनी मिळून करायची कबुली घातली. जुन्या माणसांनी नाकं मुरडली. मला ती आवडते. जिचा नवरा समोरच्या बाकावर बसला आहे त्या बाईला ती एकटं पाडत नाही. पुरुषांनाही तेच शब्द, त्याच गुडघ्यांवर. तिच्यात नसतं ते एवढंच, की वर्गातल्या त्या मुलाचा मार तिच्यात येत नाही. ते घरीच यायला हवं. आणि घरची प्रार्थना आता पुष्कळ घरांत दूरदर्शनच्या वेळेत गेली, मग मोबाइलच्या. आमची मुलं पुण्यात, दुबईत, मेलबर्नमध्ये आहेत. रविवारी व्हिडिओवर जमतो, कुणीतरी वचन वाचतं, स्तुती होते, उपकारस्तुती होते, आणि मागणी पुष्कळ होतात. नातवंडांनी आपल्या बापाला एकदाही 'माझं चुकलं' म्हणताना ऐकलेलं नाही. याची मला फार काळजी वाटते.

गेल्या नाताळात आम्ही चुलत-मावस भावंडं नगरला जमलो होतो. गुडघे आता कुणाचेच टेकत नाहीत, सगळे खुर्च्यांवर होतो. आमच्यातल्या थोरल्या ताईने प्रार्थना केली. पापांगीकाराला आली तेव्हा थांबली, आणि धाकट्या बहिणीचं नाव घेऊन म्हणाली, की हिला नवरा मारत होता, ही माहेरी आली होती, पाळकसाहेबांनी परत पाठव म्हणून सांगितलं आणि मीच हिची पिशवी भरून दिली. माझा जीव कचरला, पण मी मंडळीची लाज धरली. ते माझं पाप आहे. हिच्यापुढे सांगते.

धाकटी तिथेच बसली होती. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, "ताई, तुला मी माफ केलं आहे, केव्हाच. पण त्या दिवशी कमिटीतले चौघं आपल्या घरी बसले होते. त्यांनी काय सांगितलं? मी उलट बोलते हे माझं पाप आहे, ते मी प्रभूला सांगावं. आणि मी सांगितलं गं, रोज सांगितलं."

त्या चौघांपैकी आता कुणी हयात नाही, पाळकसाहेबही नाहीत. मंडळी आहे. रात्री उशिरापर्यंत आम्ही बोलत बसलो, कुणाकुणाला असं परत पाठवलं त्यांची नावं निघत गेली, आणि ती संपेनात. धाकटीने पास्टरेट कमिटीला पत्र लिहिलं. पुढच्या प्रभुभोजनाआधी पूर्वतयारीच्या सभेत मंडळीने ही गोष्ट नावानिशी देवापुढे आणि त्या बायकांपुढे कबूल करावी, एवढीच मागणी. ज्या हयात आहेत त्यांना बोलवावं, असंही तिने त्यात लिहिलं. खाली आम्हां सगळ्या भावंडांच्या सह्या आहेत, पुरुषांच्या आधी.